चारावरचा हातचा

आईच्या दहाव्याला नदीच्या घाटावर आलेल्या बायका आधी हिराच्या गळ्यात पडल्या. मी तिथंच होते, हाताच्या अंतरावर, डोक्यावरून पदर घेऊन. हिरा हमसून हमसून रडत होती, "मामी, माजी मामी" म्हणत होती, आणि बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "आई गेली गं बाई तुजी." मग कुणाच्या तरी लक्षात यायचं, कोपरानं शेजारणीला ढोसलं जायचं, आणि त्या माझ्याकडं वळून जरा वेगळ्या, जपून वापरायच्या आवाजात बोलायच्या. मला मोठ्यानं रडता येत नाही. उभं आयुष्य मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढलं, म्हणजे गप्प बसण्याचाच पगार घेतला. घाटावर उभी असताना माझ्या पोटात जे दुखत होतं ते सगळंच दुःख नव्हतं. त्यातलं निम्मं जुनं होतं, मी तिसरीत असल्यापासूनचं. त्याला मत्सर म्हणतात हे मला पुस्तकांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की आई घरात काम करत असते, हिरा तिच्याजवळ असते, आणि मला अभ्यासाला बसवलेलं असतं.

हिरा माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. आत्याचं सासर पूर्वेकडं, पाथर्डीच्या पलीकडं, जिथं पावसानं पाठ फिरवली की गावंच्या गावं रिकामी होतात. दसरा झाला की आत्या आणि तिचा नवरा ऊसतोडीला बाहेर पडायचे. त्या वर्षी जाताना ते कोल्हारला आमच्या घरी उतरले आणि हिराला ओसरीवर ठेवून गेले. मागल्या हंगामात फडावर तिच्या पायात उसाचं खोडकं शिरलं होतं आणि जखम अजून भरत नव्हती. "वैनी, पाय बरा होस्तोवर ऱ्हाऊ द्या हिला," आत्या म्हणाली. "बसून खाणार न्हाई. निवडणं-टिपणं करील." आईनं हिराचा पाय मांडीवर घेतला, हळदीचं फडकं सोडून जखम बघितली आणि चुलीवर पाणी ठेवलं. मी दारात उभी राहून ते बघत होते. आईच्या मांडीवर कुणाचा पाय आहे हे मी बघत होते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हिराला शाळेत घालायचं मनावर घेतलं. पण ती कधी शाळेतच गेली नव्हती, त्यामुळं तिला पहिलीत बसवणार हे उघड होतं. एक दिवस ती बसून आली आणि संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, "मामा, म्या न्हाई जायची. समदी माज्या कमरंएवढी पोरं. त्यांची नाकं पुसायला नेलंय व्हय मला?" अण्णा हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "बरं, ऱ्हा घरात. पण घरातबी रिकामं बसायचं न्हाई." हिराला वाटलं, मामी कामाचं बोलते आहे. मलाही तसंच वाटलं.

आमचं घर कालव्याच्या बाजूला होतं. दिवसभर रस्त्यावरून ऊस भरलेले ट्रक आणि बैलगाड्या जायच्या, आणि ठरल्या वेळी साखर कारखान्याचा भोंगा लांबून ऐकू यायचा. दुष्काळाचं साल होतं. कालव्याचं पाणी पाळीनं यायचं, कधी यायचंही नाही. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची, तिची भाकरी थापतानाच कडेनं चिरफाळायची आणि पोटात दगडासारखी बसायची. आई ती हुलग्याच्या पातळ माडग्यात कुस्करून द्यायची, वर लसणाचा ठेचा. पण घरात धान्याचं प्रत्येक काम, मिलोचं असो की उरल्यासुरल्या ज्वारीचं, आई एका खास रीतीनं करायची. तिचे वडील श्रीरामपूरच्या बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचं पोतं सोडायचं आणि व्यापाऱ्यासमोर मापानं मोजून द्यायचं, हे त्यांचं काम. आई तिसरीपर्यंत शाळेत गेली, पुढचं सगळं धान्याच्या ढिगापाशी शिकली. रेशनवाला किलोत द्यायचा. घरी आल्यावर आई ते पुन्हा शेरानं मोजायची, तेव्हाच तिला किती आलं ते कळायचं. पहिलं माप ओतताना ती 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायची. "लाभ, दोन, तीन, चार." एकानं सुरुवात केली तर घरात एकच उरतं, असं तिचे वडील म्हणायचे. शेर भरून तळहातानं वरचं धान्य निपटायचा एक आवाज असतो, सर्रकन जाणारा आणि शेवटी गप्प होणारा. तो आवाज आला की मी पुस्तकातून मान वर करायची.

हिराचा पाय दुखत होता तोवर तिला बसून करायची कामं होती, आणि त्या कामांतूनच आईनं शाळा मांडली. सारवण झालं की ओल्या जमिनीवर आई बोटानं एक अक्षर काढायची. हिरानं त्याखाली तेच काढायचं, मग शेवटचा हात फिरवून दोन्ही बुजवायची. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कालचं अक्षर आठवून काढायचं. भाकरीचं पीठ परातीत पसरलं की त्यात हिराचं नाव. चुलीत लाकडं खेटून घातली तर धूर का होतो आणि मधे बोट जाईल एवढी जागा ठेवली तर जाळ का धरतो, हे आई तिला सांगायची नाही, दोन्ही करून बघायला लावायची आणि विचारायची, "आता बोल, काय कमी पडलं हुतं चुलीला?" हिरा डोळे चोळत म्हणायची, "वारा." थंडीत दह्याला विरजण जास्त आणि उन्हाळ्यात थेंबभर का, हेही तसंच. हिरानं एकदा उलटं केलं आणि दुधाचं दूधच राहिलं. आईनं तेच पातेलं तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "ह्याला थंडी वाजली. रात्री तू पांघरूण घेतलंस, ह्याला दिलंस का?" हिरा इतकी हसली की तिला उचकी लागली. मी ओसरीवर भूगोल पाठ करत होते. जिल्ह्यातल्या नद्या.

सगळ्यात मोठा धडा हिशेबाचा. सारवलेल्या जमिनीवर आई रांगोळीनं दोन घरं काढायची, शेजारी शेजारी. उजवं शेराचं, डावं पायलीचं. एक शेर धान्य ओतलं की उजव्या घरात एक चिंचोका. चार शेरांची पायली होते, म्हणून चार चिंचोके झाले की ते चारही उचलायचे आणि डाव्या घरात एकच ठेवायचा. "शेराच्या घरात चवथा पाव्हणा आला की समद्यांनी उठायचं," आई म्हणायची, "आन् शेजारच्या घरी एकाच मानसानं जायचं." मग काल मोजलेलं आणि आज मोजलेलं यांची बेरीज. काल दोन पायल्या तीन शेर, आज एक पायली दोन शेर. हिरा मोठ्यानं म्हणायची, "तीन नि दोन पाच. पाचातले चार उठले, खाली ऱ्हायला एक. हातची पायली एक. दोन नि एक तीन, नि हातची एक, चार. चार पायल्या एक शेर." पुढं पुढं चिंचोके लागेनासे झाले. आकडेच दोन घरांत लिहायचे आणि चारावर हातचा धरायचा. तिचा वेग वाढत गेला. आई मधेच एखादं माप लपवायची आणि हिरा ओरडायची, "मामी, एक शेर खाल्लासा तुमी."

हे सगळं मला इतक्या बारकाईनं आठवतं याचं कारण मी तिथं नव्हते. मी ओसरीवर होते, आणि स्वयंपाकघराचं दार ओसरीला उघडायचं. सुरुवातीला मी खांबाला टेकून बसायची, मग माझी बैठक रोज थोडी थोडी दाराकडं सरकत गेली. उजेड चांगला आहे असं मी अण्णांना सांगितलं होतं. अण्णांची माझ्याबद्दल मोठी स्वप्नं होती. पोरगी मास्तरीण होणार, तिला शेणात हात घालायला लावू नका, हे त्यांनी आईला बजावलं होतं. गल्लीतल्या माझ्या वयाच्या मुली पाणी भरत, शेणी थापत, धाकट्यांना कडेवर घेऊन फिरत, आणि माझ्याकडं बघून म्हणत, "तुजी मज्जा हाय गं सुमे." माझी मजा मला कुणाला देता आली असती तर मी ती हिराला दिली असती आणि तिचं सूप घेतलं असतं.

एकदा मी आईला म्हटलं, "आज मी सारवते."

"कशाला? उद्या शाळंत हाताचा वास येईल."

"मग हिराच्या हाताला नाही येत?"

"हिराला शाळा कुटं हाय?"

मला वाटलं, मग मलाही शाळा नको. पण ते बोलायची आमच्या घरात सोय नव्हती. मग मी दुसरा मार्ग काढला. मला गणित चांगलं येत होतं, तरी पाटी घेऊन मी चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "आई, मला हातचा कळत नाही." आईचा हात भाकरीवर होता. तिनं पाटीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, मला वाटलं आता ती हात पुसेल आणि मला जवळ बसवेल. ती म्हणाली, "गुर्जींना इचार." आणि भाकरी उलटली. शेजारी हिरा पिठात बोट घालून बसली होती. तिनं माझी पाटी वाचायचा प्रयत्न केला, तर मी ती पाटी छातीशी धरली आणि बाहेर आले. त्या दिवशी मी हिराशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, ती मला बोलावून बोलावून शेवटी कंटाळली आणि म्हणाली, "शिकल्याली मानसं लई मुकी असत्यात का गं?"

आजही ती मला असंच काहीबाही विचारते. दहाव्यानंतर ती माझ्याकडं चार दिवस राहिली. स्वयंपाकघराचा ताबा तिनं न विचारता घेतला, आणि सकाळी मी उठले तर तिच्या हातचा, आईच्या चवीचा चहा ओट्यावर तयार होता. मी तो अर्धा सोडला.

उन्हाळा लागला, हंगाम संपत आला. हिराचा पाय कधीच बरा झाला होता. आत्याचा निरोप आला की परत जाताना हिराला घेऊन जाणार. फडावर बारकी पोरं सांभाळायला कुणी नव्हतं, आणि पुढच्या वर्षापासून हिरालाही कोयता धरता येईल. निरोप ऐकल्यावर आई त्या दिवशी जेवली नाही. रात्रीच्या भाकरी थापून झाल्यावर तिनं अण्णांपुढं विषय काढला. "हिचं नाव शाळंत लागलं तर वन्सं ठिवतील हितं. पर पहिलीत ही बसायची न्हाई. सुमीसंगं चवथीत बसली तर बसंल."

"चौथीत?" अण्णा म्हणाले. "कागद न्हाई, दाखला न्हाई, एकदम चौथीत?"

"मोठ्या गुर्जींना घरी बोलवा. परीक्षा घिऊ द्या तिची. आलं तर आलं."

मी जेवता जेवता ऐकत होते. हिरा गेली तर काय होईल ते मी मनात मांडून बघितलं. सूप रिकामं. ओल्या सारवणाजवळची जागा रिकामी. अण्णांनी काही म्हटलं तरी कुणीतरी आईच्या हाताखाली लागणारच. आणि हिरा चौथीत आली तर घरात ती आईजवळ असेलच, वर शाळेत माझ्या बाकावरही असेल. मी ताक प्यायले आणि मनातल्या मनात म्हणाले, नापास होऊ दे.

मोठे गुरुजी, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, रविवारी सकाळी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. उन्हाळ्यातही ते छत्री आणायचे. माणूस कडक होता पण वाईट नव्हता. आईनं ओसरी पहाटेच सारवून ठेवली होती आणि घोंगडी अंथरली होती. हिराला माझं परकर-पोलकं घातलं होतं, ते तिला आखूड झालं होतं. आई दाराच्या आत उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. अण्णा गुरुजींच्या शेजारी. मी माझ्या नेहमीच्या जागी, दारापाशी, म्हणजे आईच्या आणि ओसरीच्या मधे.

वाचन बरं झालं. हिरा एकेका अक्षरावर बोट ठेवून, जोरजोरात, पण वाचत होती. गुरुजींनी मान हलवली. मग म्हणाले, "आता अंक म्हण. शंभरपर्यंत."

हिरानं हात पाठीमागं बांधले आणि सुरू केलं. "लाभ, दोन, तीन, चार."

गुरुजी खो खो हसले. "अगं, खळं आहे का हे? एक म्हण, एक." अण्णाही हसले. हिरा गोंधळली, तिनं दाराकडं बघितलं. आईनं मान खाली घातली होती. हिरानं एकपासून पुन्हा सुरुवात केली, पण तिचा आवाज बसला होता, आणि साठाच्या पुढं ती दोनदा अडखळली.

गुरुजींनी पाटी मागितली. तिच्यावर त्यांनी एकाखाली एक दोन आकडे लिहिले. सत्तावीस आणि पंधरा. "बेरीज कर."

हिरानं पाटी मांडीवर घेतली. ओठ हलले, फारसे नाहीत. तिनं पटकन उत्तर लिहिलं, मोठ्या आकड्यांत, आणि पाटी पुढं केली. तिच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. हे तिला येत होतं.

गुरुजींनी पाटी बघितली, लांब धरून बघितली. "साठ?"

"व्हय."

"सत्तावीस नि पंधरा साठ? पुन्हा कर बाळ."

हिरानं पुन्हा केलं. पुन्हा साठ. अण्णांनी पाटी घेतली आणि ते छपराकडं बघू लागले. गुरुजींनी छत्री उचलून मांडीवर आडवी ठेवली, म्हणजे आता निघणार. ते अण्णांना म्हणाले, "पाटील, पोर चुणचुणीत आहे, पण पायाच नाही. पहिलीत बसवा. दोन वर्षांत येईल वर." हिरा म्हणाली, "पहिलीत न्हाई." एवढंच, हळू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. दारात आई तशीच उभी. तिनं पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

मी ती पाटी बघितली होती आणि मला साठ कुठून आले ते बघताक्षणी कळलं होतं. मला हवं होतं ते घडत होतं. मी फक्त बसून राहायचं होतं. पण माझ्या मनात तेव्हा हिरा नव्हतीच. मला असं वाटलं, की इथं एवढी माणसं आहेत आणि आईनं काय शिकवलं ते यांच्यातल्या कुणालाही कळलेलं नाही. अण्णांना नाही, गुरुजींना नाही. ते हिराला कळलं आहे आणि मला कळलं आहे. आणि मला कळलं आहे हे आईला माहीत नाही. सगळा हंगाम मी दारापाशी बसून होते, हे तिला कधी कळणार?

"गुरुजी, ती चारावर हातचा धरते," मी म्हणाले.

"काय?"

"चार शेरांची पायली ना. ती उजवीकडचं घर शेराचं धरते आणि डावीकडचं पायलीचं. सात नि पाच बारा शेर. बारा शेरांच्या तीन पायल्या, खाली शून्य, हातच्या तीन. दोन नि एक तीन, नि हातच्या तीन, सहा. सहा पायल्या, शून्य शेर. ती साठ म्हणत नाही, गुरुजी. तिचं बरोबर आहे, पायलीचं आहे."

गुरुजींनी पाटी परत घेतली. बोटानं एकेक आकड्यावर टेकत ते मनाशी मोजत गेले. मग हसले, पण मघासारखे नाही. "अरेच्चा. आहे खरं." ते दाराकडं वळले. "वहिनी, हा तुमचा उद्योग. सुमन बिगरीत होती तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, आठवतं का? आता किलो आला, लीटर आला. घरात शेर-पायली शिकवू नका, पोरगी गोंधळते. तेव्हा तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं," आई म्हणाली. "तवापास्नं सुमीला न्हाई शिकवलं काई."

मी मान वळवून आईकडं बघितलं. आई माझ्याकडं बघत होती. इतका वेळ सलग ती माझ्याकडं बघते आहे असं मला कित्येक महिन्यांत आठवत नव्हतं. "तुला कसं गं ठावं हे समदं?" तिनं विचारलं.

"मी ऐकत होते."

हिराच मधे म्हणाली, "मग ही आमच्यात येऊन का बसली न्हाई, मामी?"

म्हणजे माझ्यापासूनच सुरुवात झाली होती. पहिलीत जाण्याआधी, बिगरीच्या पहिल्या दिवसांत, आईनं माझ्यापुढं शेर आणि पायली मांडली होती, आणि एका शिकलेल्या माणसानं सांगितल्यावर उचलून ठेवली होती. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. हिराचा एकेक धडा मला तोंडपाठ आहे आणि माझा एकही नाही. शेवटच्या वर्षी, आई अंथरुणावर होती तेव्हा, मी तिला विचारलं होतं, तेव्हा मी कशी शिकायचे? ती म्हणाली, "तू माप वतायच्या आदीच मोजून मोकळी व्हायचीस." आणि हसली. मला तेवढंच मिळालं.

गुरुजींनी त्या रविवारी निकाल दिला. हिराला चौथीत बसवतो म्हणाले, पण शाळा उघडेपर्यंत दहाचा हातचा पक्का झाला पाहिजे. परीक्षा शेरात होत नाही. "आणि वहिनी, तो तुम्ही शिकवायचा नाही. पुन्हा घोळ होईल. सुमन शिकवेल." आई "बरं" म्हणाली. तिनं गुरुजींना गुळाचा चहा दिला आणि ते गेल्यावर ओसरीवरची घोंगडी झटकून, अगदी नीट घडी घालून ठेवली.

मग दुपारी ऊन ओसरीवरून उतरलं की मी आणि हिरा पाटी घेऊन बसायचो. मी फार वाईट मास्तरीण होते. गुरुजींसारखी भुवया चढवायची, चुकलं की पाटी पुसून टाकायची. हिरा म्हणायची, "सुमे, गुर्जीपरीस कडू हाईस तू," आणि पुन्हा करायची. चाराची सवय तिच्या बोटांत बसली होती, ती मोडताना तिला त्रास व्हायचा. आत स्वयंपाकघरात भांडी जरुरीपेक्षा जास्त वाजायची. आम्हाला जरा लय सापडली की आतून हाक यायची. "हिरे, चूल बघ गं." "हिरे, रांजणात पानी हाय का बघ." हिरा उठायची, काम करायची, परत यायची. आईचं काम रोजचंच होतं, फक्त ते आता नेमकं त्याच वेळी निघायचं. मला ते ओळखू आलं. तसा आवाज मी स्वतः केला नव्हता, पण तो कुठून येतो ते मला ठाऊक होतं.

आणि एका दुपारी आई दारात आली आणि तिनं हिराला हाक मारली नाही. "सुमे," ती म्हणाली, "ज्वारी निवडायला ये."

मी अर्ध्यावर पाटी हिराच्या मांडीवर ठेवली आणि उठले. मागं वळूनही बघितलं नाही. आत चुलीच्या उजेडात आईनं दोन सुपं मांडली होती. मी तिच्या समोर बसले, दाराकडं पाठ करून. ज्वारी सुपात पसरली, खडे बाजूला काढायला लागले. माझी बोटं हिरासारखी चालत नव्हती. मी वाट बघत होते. आई काही विचारेल. खडा जड का आणि दाणा हलका का, पाखडताना कोण पुढं येतं आणि कोण मागं राहतं, काहीही. ती गप्प निवडत होती. शेवटी मीच म्हटलं, "आई, मला विचार की काहीतरी."

"काय इचारू? तुला समदंच येतंय."

रागानं म्हणाली नाही. जे आहे ते सांगितल्यासारखं म्हणाली. मग आम्ही दोघी निवडत राहिलो. ओसरीवरून हिराचा आवाज येत होता. मी घालून दिलेली बेरीज ती एकटीच करत होती, मोठ्यानं, नेहमीसारखी. अडतीस आणि एकोणतीस. "आठ नि नऊ सतरा," हिरा म्हणाली. "सतरा. सतरातले..." आणि थांबली.

आईचा हात सुपात थांबला. तिचे ओठ हलले. तिला ते येत नव्हतं असं नाही, दहाचा हातचा तिलाही येत होता, माझ्याइतकाच. ती माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "सांग की तिला."

"तूच सांग."

"न्हाई बाई," आई म्हणाली. "तुजी हाय ती आता."

मी हिरा मागितली नव्हती. इतके महिने मी जे मागत होते ते समोर बसलेलं होतं आणि मला हिरा देत होतं. मी ओसरीकडं हाक दिली नाही. सुपात मान घालून खडे वेचत राहिले. आईनंही हाक दिली नाही. बाहेर हिरा पुटपुटत होती, पाटीवर पेन्सिल आपटत होती, पुन्हा आठ नि नऊपासून सुरू करत होती.

मग तिचा आवाज आला, एकदम मोकळा. "सात खाली. हातचा एक. तीन नि दोन पाच, नि एक सहा. सदुसष्ट. सुमे, सदुसष्ट, व्हय का?"

आईचा चेहरा वर झाला. तो असा उजळलेला मी पूर्वी कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. मी तिच्या अगदी समोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि ओसरीकडं बघण्यासाठी तिला माझ्या डोक्यावरून बघावं लागत होतं.